टिप्पणीतलं नाव

“ओ गुरुजी, उठा की! लातूर आलं, लातूर! अहो गुरुजी!” कंडक्टर असा ओरडत होता की स्टँडच्या पत्र्यावरची कबुतरं उडून पार औशाला जाऊन बसली असतील. मी खाली मोटारसायकल लावून उभा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेनऊला नांदेडहून येणारी गाडी, खिडकीतून बाहेर आलेला एक हात, आणि त्या हातामागून उतरणारा राजरत्न... हे इतकी वर्षं चाललेलं की माझी मोटारसायकल मला न विचारता स्टँडकडे वळायची. त्या दिवशी हात बाहेर आला नाही. “लई गाढ झोपले बघा,” कंडक्टर मला म्हणाला, “लोह्यापासून झोपून राहिले. तुमचेच का?” मी म्हटलं, “हाव, आमचेच. ह्यांच्या कानाशी तोफ उडवली तरी उठत न्हाईत. थांबा, मी बघतो.” आणि हसत हसत वर चढलो. खिडकीची जागा, मांडीवर बॅग, बॅगेवर दोन्ही हात, डोकं काचेला टेकलेलं. मी खांद्यावर हात ठेवला आणि... पुढचं लिहीत नाही. नसलेलं रंगवून सांगण्यात माझी हयात गेली. हे खरोखर घडलेलं, त्याला माझ्याकडे रंग नाही. डॉक्टर म्हणाले, दोनेक तास झाले असतील. म्हणजे अहमदपूरच्या आसपासच तो उतरून गेला होता. लातूरपर्यंत आलं ते नुसतं तिकीट.

राजरत्न कोण हे सांगायला हवं, कारण आमच्या कॉलेजातल्या कुठल्याच फलकावर तो नव्हता. तो तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. म्हणजे वर्गात उभा असेल तेवढ्या मिनिटांपुरता प्राध्यापक. घंटा झाली की रस्त्यावरचा कुणीही. तीन दिवस नांदेडच्या एका कॉलेजात, तीन दिवस लातूरच्या आमच्या कॉलेजात, असा चौदा वर्षं तो हेलपाटे घालत होता. तेवढ्या प्रवासात दुसरा एखादा चंद्रावर जाऊन, तिथं चहा पिऊन, शिळा पेपर वाचून परत आला असता. मूळचा मुखेडचा. बाप गवंड्याच्या हाताखाली, आई रोजानं, आणि त्या घरातला संगणक शिकलेला हा पहिला माणूस. मी बालाजी, हदगावकडचा, घरची शेती, आणि इथं संगणक विभागात प्रयोगशाळा सहायक. कायम. हा ‘कायम’ माझ्या कपाळावर मी काहीही न करता लिहिला गेला, आणि त्याच्या कपाळावर त्यानं सगळं करूनही आला नाही. चारचौघांत मी त्याला सर म्हणायचो आणि स्टँडवर रतन. तो मात्र मला दोन्हीकडे बालाजीभाऊच म्हणायचा.

त्याचा विषय कंपायलर. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाष्या म्हणजे कंपायलर. हा दुभाष्या सगळ्यात आधी अर्थबिर्थ काही बघत नाही. समोर अक्षरांची लांबच लांब माळ येते, तिचे तो तुकडे पाडतो. हे नाव, हा आकडा, हे चिन्ह, हा राखीव शब्द, असा प्रत्येक तुकड्यावर शिक्का मारतो आणि पुढं सरकवतो. त्या तुकड्याला टोकन म्हणायचं. दुसरे मास्तर हे पुस्तकातून वाचून दाखवायचे आणि पोरं डोळे उघडे ठेवून झोपायची. राजरत्न वर्गात कात्री घेऊन यायचा. शिंप्याची, हातभर लांब. ती बघून पहिल्या बाकावरची पोरं मान आत घ्यायची. आमच्या अडगळीत जुन्या प्रिंटरचा कागद पडलेला होता, कडेला भोकं पाडलेला, एकाला एक जोडलेला. उलगडला असता तर कंधारच्या किल्ल्याला तीन वेढे देऊन वर बांधायला उरला असता. त्यावर तो मधे रिकामी जागा न सोडता एक सलग ओळ लिहायचा, दोघांनी टोकं धरायची आणि तिसऱ्यानं डावीकडून कापत जायचं. एकदा त्यानं लिहिलं, ‘जरतारी=१२०’. पोरांना शिकवायला त्यानं मराठी शब्दांची एक छोटी भाषा बनवली होती, तिच्यात ‘जर’ हा राखीव शब्द, म्हणजे भाषेनं स्वतःच्या कामासाठी ठेवलेला, कुणाला नाव म्हणून न देता येणारा. उदगीरकडच्या एका पोरीनं ‘जर’ दिसल्याबरोबर कचकन कात्री चालवली.

“फाडलीस का साडी!” राजरत्न असा ओरडला की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले.

“सर, जर राखीव शब्द हाय की!”

“हाय ना. पण पुढं बघितलंस का? पुढचं अक्षर अजून त्याच नावात बसून राहिलंय. बसतंय तोवर घेत जायचं, बाई. जितकं लांब घेता येईल तितकं. घाई केली की इकडं जर, तिकडं तारी, अन् साडी कुणाचीच न्हाई.”

“मग थांबायचं कुठं?”

“बरोबरचं चिन्ह दिसेल तिथं. ते नावात बसत न्हाई. म्हंजे नाव संपलं.”

“पण सर, ते चिन्ह तर वाचून झालं की!”

“झालंच. म्हणून ते परत ठेवायचं. वाचलं, आपलं न्हाई, परत ठेवलं. ते पुढच्या तुकड्याचं हाय.”

वाचलं, आपलं नाही, परत ठेवलं. कंपायलरचा हा एवढासा नियम. हा माणूस घरीदारी तोच पाळायचा. एकदा बसमध्ये कुणाची तरी छत्री त्याच्या शेजारी राहिली. दुसरा असता तर कंडक्टरकडे देऊन मोकळा झाला असता. हा छत्रीवर रंगवलेलं दुकानाचं नाव वाचून कंधारला गेला, दुकानदाराला विचारलं, दुकानदारानं कुणा मास्तरांचं घर दाखवलं, आणि तिथं कळलं की छत्री मास्तरांचीही नाही, त्यांच्या व्याह्यांची आहे. व्याही देगलूरला. मी लोकांना सांगताना ह्या छत्रीला हैदराबादपर्यंत नेऊन आणायचो, पण देगलूरपर्यंतचं खरं आहे. अशा माणसाचं आम्ही काय परत ठेवलं, ते आता सांगतो.

दोन वर्षं खपून त्यानं आमच्या प्रयोगशाळेसाठी एक प्रोग्राम लिहिला. त्याला स्कॅनर म्हणतात. कात्रीचं सगळं काम तोच करतो. पोरांनी त्याच्या छोट्या भाषेत काहीही लिहावं आणि ह्या स्कॅनरनं त्याचे बिनचूक तुकडे पाडून दाखवावेत. तिसऱ्या वर्षाचं अख्खं प्रात्यक्षिक त्यावर चालायचं. प्रोग्रामच्या अगदी वर त्यानं टिप्पणी लिहिली होती. टिप्पणी सुरू होते तिरक्या रेघेनं आणि ताऱ्यानं, संपते ताऱ्यानं आणि तिरक्या रेघेनं. मधे जे असेल ते कंपायलर न वाचता फेकून देतो. टिप्पणीच्या शेवटच्या ओळीत होतं, ‘लेखक : राजरत्न, मुक्काम पोस्ट मुखेड’, आणि त्याच ओळीच्या टोकाला तो तारा, ती तिरकी रेघ.

“मुक्काम पोस्ट कशाला रे?” मी म्हटलं. “कंपायलर तुला अंतर्देशीय धाडणार हाय का?”

“कंपायलर वाचतच न्हाई ते, बालाजीभाऊ. ते माणसासाठी लिहिलंय.”

मग विभागाची तपासणी करायला बाहेरून समिती येणार असं ठरलं. साहेब, म्हणजे आमचे विभागप्रमुख, आठवडाभर असे धावत होते की त्यांच्या बुटांच्या टाचा झिजून ते दोन इंच बुटके झाले. विभागात दाखवण्यासारखं एकच होतं, राजरत्नचा स्कॅनर. त्याला त्यांनी माझ्यादेखत शब्द दिला, “सर, समिती जाऊ द्या. जागा निघाली की पहिलं तुमचंच बघतो.” आणि समितीच्या आदल्या दिवशी दुपारी मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, “बालाजी, त्या प्रोग्रामवरचं ते व्यक्तिगत नाव काढून टाका. विभागाचं नाव टाका. काम विभागाचं आहे.”

मी म्हटलं, “हाव साहेब.”

एवढंच म्हटलं. मी, जो एरवी चहात साखर कमी पडली म्हणून कँटीनवाल्याशी तासभर भांडतो. मला कुणी नोकरीवरून काढणार नव्हतं, कुणी बदली करणार नव्हतं. हदगावच्या पोराच्या पाठीशी दहा माणसं उभी राहिली असती. भीती नव्हतीच. सवय होती, आणि भीतीनं केलेल्या कामाला निदान एक सबब तरी असते. मी साध्या नोटपॅडमध्ये फाइल उघडली, नावाची ती ओळ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत निवडली आणि तिच्या जागी विभागाचं नाव ठोकून दिलं. ओळीच्या टोकाचा तारा आणि तिरकी रेघही त्यात गेली. माझ्या लक्षात आलं नाही. प्रोग्राम चालवून बघावा असंही वाटलं नाही. टिप्पणी तर होती! टिप्पणीला कंपायलर विचारत नाही, हे राजरत्ननंच मला शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी समितीचे तिघं खुर्च्यांवर, मागं विभागाचे सगळे प्राध्यापक, आणि अगदी मागं, दाराजवळ, राजरत्न. साहेबांनी भाषण केलं, ‘आम्ही विकसित केलेला’ म्हणून बटण दाबलं, आणि पडद्यावर चुकांचा असा पाऊस पडला की समितीतल्या एकानं बहुतेक छत्री शोधली असेल. शंभर चुका, दोनशे चुका... पडदा थांबेना. सुरू झालेली टिप्पणी संपल्याची खूणच नव्हती, त्यामुळं कंपायलर खालचं सगळं टिप्पणी समजून गिळत सुटला होता. पार दीडशे ओळींखाली दुसरी टिप्पणी होती, ती जिथं संपली तिथं तो थांबला. मधला अस्सल प्रोग्राम, अक्षरांचे तक्ते, राखीव शब्दांची यादी, सगळं फेकलेल्यात. साहेबांचा चेहरा तुरीच्या वरणासारखा पिवळा. “सर, जरा... जरा बघा हो,” ते मागं वळून म्हणाले.

राजरत्न उठला. मधल्या वाटेनं पुढं आला, खुर्चीत बसला नाही, वाकूनच फाइल उघडली. वर जायला त्याला दोन सेकंद लागले. तिथं त्याचा हात थांबला. जिथं त्याचं नाव होतं तिथं विभागाचं नाव त्यानं वाचलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी कुठल्याही गोष्टीचा वेळ दसपट करून सांगतो, पण तो क्षण आधीच दसपट होता. मग त्यानं त्या ओळीच्या टोकाला एक तारा टाकला, एक तिरकी रेघ टाकली, आणि बाजूला झाला. साहेबांनी पुन्हा बटण दाबलं. स्कॅनर चालला. समितीनं टाळ्या वाजवल्या, साहेबांसाठी. राजरत्न जागेवर जाताना माझ्याजवळून गेला. माझ्याकडे बघितलं का? बघितलं. बस्स, बघितलं.

संध्याकाळी त्याला स्टँडवर सोडताना मीच विषय काढला. चोराला गप्प बसवत नाही. “का रे रतन, हातात फाइल होती, सगळे समोर होते, नाव का न्हाई टाकलंस परत?”

“मला प्रोग्राम चालू करायला उठवलं होतं,” तो म्हणाला. “भांडायला न्हाई.”

‘पण काढलं कुणी असंल?’ असं त्यानं विचारावं म्हणून मी गाडी सुटेपर्यंत थांबलो. विचारलं असतं तर माझ्याकडे थापही तयार होती, व्हायरस आला म्हणणार होतो. त्यानं विचारलं नाही. खिडकीतून हात बाहेर काढला, हलवला, गाडी गेली.

पुढच्या वर्षी जागा निघाली. कायमची. मुलाखतीच्या दिवशी तो नवा शर्ट घालून आला होता, घडीच्या रेघा तशाच दिसणारा. मी दारात, फाइली आत-बाहेर करायला. दार अर्धं उघडं होतं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, “तुमचं स्वतःचं असं काम काय?” तो म्हणाला, “इथल्या प्रयोगशाळेतला स्कॅनर मी लिहिलाय.” म्हाताऱ्या तज्ज्ञांनी प्रात्यक्षिकाची छापील पुस्तिका उघडली, चष्मा वर केला. “इथं तर विभागाचं नाव आहे. तुमचं नाव कुठं आहे?” साहेब त्याच टेबलाशी बसलेले, ते पंख्याकडे बघत होते. राजरत्ननं मान वळवली आणि दाराकडे बघितलं. दारात मी. मला एवढंच म्हणायचं होतं की साहेब, हे ह्यांचंच हाय, नाव मी काढलं. सात शब्द. मी, ज्याचं तोंड गोदावरीवरच्या धरणालाही अडवता आलं नसतं... मी दार ओढून घेतलं.

जागा दुसऱ्याला मिळाली. तो दुसरा स्वभावानं चांगला आहे. त्याच्यावर माझा राग नाही. फक्त आजही तो मला एकटं गाठून विचारतो, “भाऊ, ते अक्षर परत ठेवायचं म्हणजे नेमकं काय हो?” राजरत्न त्यानंतरच्या सोमवारी साडेनऊच्या गाडीनं आला. हात बाहेर, मग तो. मोटारसायकलवर मागं बसला. मी गप्प, आणि माझं गप्प असणं म्हणजे लातूरकरांना नळाला रोज पाणी येण्याइतकं नवल. अर्ध्या वाटेवर तो एवढंच म्हणाला, “बालाजीभाऊ, हळू चालवा.” आणि वर्गात जाऊन त्यानं कात्री बाहेर काढली. त्यानंतर पाच वर्षं तो तसाच येत राहिला, त्या गाडीपर्यंत.

कॉलेजनं शोकसभा घेतली. साहेब म्हणाले, “ते संस्थेशी एकनिष्ठ होते.” संस्था त्यांच्याशी काय होती, ते राहिलं. सगळे उभे राहिले, मौन सुरू झालं आणि मिनिटभरात तासाची घंटा झाली. पोरं हलली, मास्तर हलले, माना वर झाल्या, सभा संपली. तासिका तत्त्वावरची शोकसभा.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी नांदेडला त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या, भिंतीवर आधीपासूनचे दोन फोटो, त्यांच्याखाली आता हा तिसरा. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. वहिनी शेजारच्या खोलीतून आल्या, मागं संबोधी, त्यांची पोरगी. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटरच. ती माझ्यासमोर सतरंजीवर बसली.

“काका, पप्पा सांगायचे, तिथल्या लॅबमधला स्कॅनर अख्खा त्यांनी लिहिलाय. खरंय का?”

“खरं म्हंजे? एक अन् एक अक्षर त्यांचं.”

“मला बघायचाय. आमच्या कॉलेजात मी सांगितलं तर पोरी म्हणाल्या, तुझे पप्पा तर तासावर होते... वर नाव असंल ना त्यांचं?”

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. “तेवढं दाखवा तिला, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “दुसरं काय ठेवलंय त्यांनी आमच्यासाठी दाखवण्यासारखं?”

मी म्हटलं, “हाव, हाय की नाव. सगळ्यात वर हाय. पुढच्या आठवड्यात घेऊन या तिला.” आयुष्यात लाख थापा मारल्या, त्यांतल्या कुठलीचंच ओझं झालं नाही. ही एक मी नांदेडपासून लातूरपर्यंत मांडीवर घेऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा मीच उघडली. फाइल काढली. विभागाचं नाव पुसलं आणि लिहिलं, ‘लेखक : राजरत्न, मुक्काम पोस्ट मुखेड’. टोकाला तारा, तिरकी रेघ. चार वेळा तपासलं. चालवून बघितलं, चालला. आधीही चालतच होता. नाव असलं काय, नसलं काय, कंपायलरला फरक नव्हता. पण ती फाइल विभागाच्या मुख्य यंत्रावरून सगळीकडे जाते आणि तिथं काही बदललं की साहेबांची परवानगी लागते. म्हणून मी केबिनकडे निघालो. जाताना मनात भाषण तयार. असं भाषण की ऐकून साहेबांच्या खुर्चीची चाकं निखळावीत. कुणी सांगितलं, कुणी काढलं, मुलाखतीत पंख्याकडे कोण बघत होतं, मी दार का ओढलं, सगळं. नाही म्हणाले तर समितीकडे जाईन, पेपरात देईन, शोकसभेत नाही बोललो ते चौकात उभा राहून बोलेन. दार ढकललं. साहेब नव्या वर्षाचे कागद चाळत होते.

“साहेब,” मी म्हटलं, आणि आवाज एवढा मोठा निघाला की बाहेरचा शिपाई उठून उभा राहिला, “स्कॅनरवर मी राजरत्न सरांचं नाव परत टाकलंय. ते तिथंच राहणार. त्यांची पोरगी बघायला येणार हाय.”

साहेबांनी मान वर केली नाही. पान उलटलं.

“राहू द्या की,” ते म्हणाले. “यंदापासून ते प्रॅक्टिकल सिलॅबसमध्ये नाही.”